तेरा वर्षं जपलेलं विरजण

अलोइस डिर्नबर्गरला सगळं लिंडेनाउ गाव 'नाक' म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि तोही खुशाल ओ द्यायचा. दिसायला त्या नाकात काही विशेष नव्हतं, बटाट्यासारखं गोल आणि थंडीत लाल होणारं. पण हासेलब्रिंकच्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, तळघराच्या जिन्यावर उभा राहून हा गृहस्थ सांगायचा, "सात नंबरच्या पिंपाचं काहीतरी बिनसलंय," आणि खाली जाऊन पाहावं तर नेमकं सात नंबरचंच झाकण तिरपं बसलेलं असायचं. सोळाव्या वर्षी जर्मनीतल्या बव्हेरियातून अमेरिकेत एकटा आला, बाटल्या धुतल्या, पिंपं घासली, आणि तेविसाव्या वर्षी मालकानं त्याच्या ताब्यात विरजण दिलं. गावात पाद्र्याच्या खालोखाल मान होता त्या कामाला. उगाच नाही सांगत.

बिअरचं विरजण, म्हणजे यीस्ट, दह्याच्या विरजणाइतकंच साधं आणि तितकंच लहरी असतं. जवाच्या गोड काढ्यात ते घालायचं. ते साखर खातं, काढ्याची बिअर करतं आणि तळाशी जाऊन बसतं. मग त्या तळाचं वरचं टाकायचं, खालचं टाकायचं, मधला पांढरा थर उचलायचा, बर्फाच्या पाण्यात धुवायचा आणि पुढच्या घाण्याला लावायचा. असं वर्षानुवर्षं चालवायचं. हासेलब्रिंकचं विरजण मालकाच्या बापानं जर्मनीहून बोटीतून आणलेलं होतं. पाणी इथलं, विस्कॉन्सिन राज्याचं, जव विस्कॉन्सिनचे, कडवटपणासाठी घालायची हॉपची फुलं मिळतील तिथली, पण चव मात्र त्या विरजणाची. दहा मैलांवरच्या गुत्त्यातला माणूस डोळे मिटून सांगायचा, हे हासेलब्रिंक.

या धंद्यात एक रीत होती. कुणाचं विरजण नासलं आणि तो किटली घेऊन दारात आला, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. मग तो हाडवैरी का असेना. त्याचे पैसे घेत नसत, नाही म्हणत नसत. १९११ साली कॅनडातून, पार क्यूबेकहून, हेरमान फॉइट असाच आला होता. पूर्वी अलोइसच्या हाताखाली पिंपं घासलेला, आता तिकडे एका ब्रुअरीत मोठा झालेला. दोन दिवस आगगाडीत बसून, बर्फात ठेवलेली रिकामी किटली मांडीवर घेऊन आला.

"सगळं आंबलं रे अलोइस," तो म्हणाला. "तीन घाणे ओतून दिले. मालक माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"पिंपं नीट घासली नसशील. इथंही कोपरे सोडायचास तू."

"बोल, बोल. आज सगळं ऐकून घेतो."

अलोइसनं किटली काठोकाठ भरून दिली, वर बर्फ रचला आणि दुपारी स्वतः स्टेशनवर सोडायला गेला. फॉइटनं नाताळात एक हातभर लांब सॉसेज पाठवलं. झालं, मिटलं ते प्रकरण. अलोइस ते विसरूनही गेला.

दारूबंदी काही आभाळातून पडली नाही. गावातल्या मेथडिस्ट पंथाच्या बायका वीस वर्षं गुत्त्यांच्या दारात उभ्या राहून भजनं म्हणत होत्या. गाव हसायचं. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्याजणींचं काही चुकत नव्हतं. पिऊन घरी जाऊन बायकोवर हात टाकणारे लिंडेनाउतही होते, आणि ते रविवारी चर्चमध्ये पुढच्याच बाकावर बसायचे. मग जर्मनीशी लढाई आली. जर्मन बोलणारा तो शत्रू, आणि बिअर म्हणजे जर्मन बादशहाचं, कैसरचं पेय असं वर्तमानपत्रं लिहायला लागली. गावाच्या बँडनं जुनी गाणी वाजवायचं बंद केलं. धान्य सैन्याला लागतं म्हणून आधी बिअर पातळ केली, मग बंद केली. लढाई संपली तरी बंदी काही उठली नाही, उलट घटनेतच जाऊन बसली. एकामागून एक राज्यांनी बंदीच्या बाजूनं मत दिलं. लिंडेनाउतले लोक तोवरही म्हणत होते, छे, असं कसं होईल.

१९२०च्या जानेवारीत सरकारची माणसं ब्रुअरीत आली आणि दोन दिवस पिंपं गटारात ओतत बसली. नदीच्या बर्फावर फेसाचा पिवळा पट्टा गोठला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा हासेलब्रिंक केसाळ टोपी घालून तळघरात उतरला. त्याला गुडघ्यांमुळे जिना उतरायची मनाई होती.

"अलोइस, विरजणसुद्धा ओतायचा हुकूम आहे."

"ऐकला, मालक."

"ओतलंस?"

"दोन पिंपांतलं ओतलं."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातल्या झाकणाच्या किटलीकडे पाहिलं. तिच्यावर अलोइसचा कोट टाकलेला होता.

"मला हल्ली कमी दिसतं," तो म्हणाला. मग बराच वेळ पिंपाला हात लावून उभा राहिला. "वर्षभर. फार तर दोन वर्षं. लोक काही एवढे वेडे नाहीत. ज्या दिवशी हे खूळ जाईल त्या दिवशी फाटकातून पहिला तू आत यायचं, ती किटली घेऊन. तुझी जागा तुझी. मी असलो तरी, नसलो तरी."

आता असा शब्द अलोइससारख्या माणसाला द्यायचा म्हणजे काय ते म्हाताऱ्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. कळलंच असणार.

किटली घरी आली तेव्हा त्याची बायको क्रेसेन्झ पीठ मळत होती. तिनं किटलीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"वर्ष. दीड वर्ष."

"आणि हिला खायला काय?"

"दर दहा दिवसांनी ताजा काढा. आणि थंडावा लागतो, सेंझी, बाकी काही नाही."

"माझ्या लेकीला मी दहा दिवसांनी खायला घातलं असतं तर परवडलं असतं," क्रेसेन्झ म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तळघरातले कोबीचे डबे तिनंच हलवून जागा करून दिली.

असं सुरू झालं. ब्रुअरी आता माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, पाक डबे भरून विकत होती, 'पाव भाजण्यासाठी' असं वर छापून, आणि सबंध अमेरिकेत त्या पाकाचे किती पाव भाजले गेले ते देवालाच ठाऊक. अलोइस तोच पाक आणायचा, हॉप घालून उकळायचा आणि विरजण लावायचा. जानेवारीत नदीचा बर्फ करवतीनं कापून तळघरात भुशाखाली पुरून ठेवायचा, तो काटकसरीनं जुलैपर्यंत पुरवायचा. विरजण जगवायचं म्हणजे बिअर होणारच, आणि झालेली बिअर ओतून देणं त्याच्या हातून होईना. म्हणून रविवारी दुपारी जुनी चार-पाच माणसं मागच्या दारानं यायची. त्यात पिंपं घडवणारा आंटोन श्र्योडल असायचाच. पिंपांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, तो आता शवपेट्या करायचा. पहिला घोट घेऊन तो दर वेळी डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हासेलब्रिंक. हुबेहूब."

पोटासाठी अलोइस कातडी कमावण्याच्या कारखान्यात लागला. ओली कातडी चुन्याच्या हौदातून काढायची आणि मांस खरवडायचं. पहिले सहा महिने त्याला घरी जेवण गेलं नाही. घास नाकाजवळ आला की तो परत ताटात ठेवायचा. मग हळूहळू जेवण जायला लागलं. नाकानं तक्रार करणं सोडलं, आणि त्याला वाटलं, बरं झालं, सवय झाली.

क्रेसेन्झच्या भावाची मिलवॉकीत बेकरी होती. दुसऱ्याच वर्षी त्यानं बोलावलं होतं, गरम भट्टीपाशी काम, वर दोन खोल्या. क्रेसेन्झनं भांडीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली होती.

"तिथं तळघर नाही," अलोइस म्हणाला.

"माणसं राहतात तिथं, अलोइस. तळघराशिवाय."

"बर्फ कुठला आणू? आणि इकडे उठली बंदी तर? पहिला मी जायचंय फाटकातून."

भांडी पुन्हा मांडणीवर गेली. भावानं दुसरा माणूस ठेवला.

आता १९२४च्या जुलैतलं सांगतो. त्यांची एकुलती एक मुलगी वाल्बुर्गा तेव्हा एकवीस वर्षांची होती. शिक्षिकेचा अभ्यास पुरा करून आली होती आणि गावच्या शाळेत सप्टेंबरपासून तिची नेमणूक झाली होती. ते पत्र तिनं स्वयंपाकघरात आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला चार अधिकारी आले. कुणीतरी लिहून दिलं होतं की डिर्नबर्गर बिअर विकतो. विकत वगैरे काही नव्हता, पण येणारे लोक जाताना खिडकीतल्या कपात काही टाकून जायचे आणि तो नको म्हणायचा नाही. तळघरातून बाटल्या फुटल्याचा आवाज यायला लागला तशी क्रेसेन्झ उठली, काढा लावायला तळघरातून वर आणलेली विरजणाची बरणी उचलली, ठेंगण्या स्टुलाखाली ठेवली, त्यावर बसून घागरा चारी बाजूंनी पसरला आणि बटाटे सोलायला लागली. अधिकारी वर आले. कपाटं उघडली, पिठाचा डबा उलटा केला.

"बाई, जरा उठता का?"

"पाय सुजलेत हो माझे. एकदा बसले की रात्रीच्या जेवणापर्यंत उठवत नाही. तुम्हीच द्या उठवून, दोघं जण लागतील."

क्रेसेन्झ चांगली धिप्पाड होती. ते तिच्याकडे पाहून खाली मान घालून निघून गेले. तासभर ती तशीच बसून होती, शेगडीच्या उबेला, जुलै महिन्यात, त्या बरणीवर. गावात नंतर हा किस्सा फार गाजला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अलोइसला साठ दिवसांची कैद झाली. शाळेच्या मंडळानं आठवड्याच्या आत वाल्बुर्गाला दुसरं पत्र पाठवलं, घरची परिस्थिती पाहता नेमणूक रद्द करण्यात येत आहे. पहिल्याच रविवारी मायलेकी तुरुंगात त्याला भेटायला गेल्या. वाल्बुर्गाच्या हातात ते पत्र होतं. गजांपलीकडून अलोइसनं मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"ते जिवंत आहे ना?"

क्रेसेन्झनं मान डोलावली. वाल्बुर्गानं पत्राची घडी केली.

"पापा, मी पण जिवंत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला सांगावं म्हटलं."

"बुर्गी, तसं नव्हे गं. मला आधी—"

"हो ना. आधी तेच."

ती ऑगस्टात मिनियापोलिसला गेली, टेलिफोनच्या कचेरीत. आईला नाताळात कार्ड यायचं. त्यात वडलांचं नाव नसायचं, सगळ्यांना नमस्कार असायचा, आणि घरात माणसं तर दोनच होती.

ते साठ दिवस विरजण क्रेसेन्झनं सांभाळलं. बर्फ संपला होता, म्हणून बरणी विहिरीत सोडली. नवरा कसं धुवायचा, कितीदा धुवायचा, ते तिनं बघितलेलं होतं तेवढं केलं. अलोइस सुटून आला आणि थेट तळघरात उतरला. बरणी उघडून वास घेतला, बराच वेळ घेतला. मग वर येऊन बायकोचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "वाचवलंस." तिनं हात सोडवून घेतले.

"मी केलं ते केलं. आता यातला एक थेंब मी तोंडाला लावणार नाही. तुझं तू पी."

आणि खरंच नाही लावला. आपल्या माणसाचा हट्ट आपण जाणतो, पण क्रेसेन्झचा हट्ट अलोइसला कधी पुरता कळला नाही. तो दर वेळी ग्लास पुढे करायचा, ती दर वेळी उपडा ठेवायची. नऊ वर्षं.

त्या वर्षांत सांगण्यासारखं काय आहे? म्हातारा हासेलब्रिंक १९२७ साली गेला. शहरातून गुंडांच्या गोळीबाराच्या बातम्या यायच्या. लाकडाचा विषारी अर्क पिऊन लोक आंधळे व्हायचे. लिंडेनाउतला बँडमास्तर तसाच गेला. मग बँका बुडाल्या, कातडीचा कारखाना आठवड्याला तीन दिवसांवर आला. अलोइस कमरेत वाकला. पण दर दहा दिवसांनी काढा उकळायचा, विरजण धुवायचं, लावायचं. तुरुंगातले सोडले तर एकही खाडा नाही. रविवारी आंटोन यायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, "हुबेहूब." बाकीचे माना डोलवायचे. चवीत काही फरक पडला असता तर या सगळ्यांना कळलं नसतं का, असं कुणालाही वाटेल. पण रोज आरशात बघणाऱ्याला आपण म्हातारे झालेलो कुठं दिसतो?

१९३३च्या मार्चमध्ये बातमी आली. नव्या अध्यक्षानं बिअर मोकळी केली, एप्रिलपासून. बाकीची बंदीही वर्षअखेर घटनेतून खरवडून काढली, पण लिंडेनाउला काय त्याचं, लिंडेनाउला बिअर हवी होती. तेरा वर्षांनी ब्रुअरीचा भोंगा वाजला. क्रेसेन्झनं नवऱ्याचा लग्नातला कोट काढून दिला, तो पोटावर बसेना म्हणून दोन बटणं सरकवून दिली.

"जा," ती म्हणाली. "आणि फाटकात ताठ उभा राहा."

म्हाताऱ्याचा मुलगा एडगर फाटकाशी उभा होता. वडलांचा शब्द त्याला ठाऊक होता, आणि त्यानं तो पाळला. बाकी सगळ्यांना थांबवून अलोइसला एकट्याला आधी आत घेतलं. किटली हातात घेऊन अलोइस अंगणातून चालत गेला आणि लोकांनी टोप्या काढल्या. आंटोन तर रडायलाच लागला. सांगतो, त्या पन्नास पावलांपुरती तेरा वर्षं वसूल झाली होती.

तळघराच्या दाराशी नवा ब्रूमास्टर, म्हणजे बिअर करणाऱ्यांचा प्रमुख, होता, डॉक्टर उटेख नावाचा चष्मेवाला, तिशीतला. त्यानं किटली दोन्ही हातांनी, आदबीनं घेतली.

"मिस्टर डिर्नबर्गर, आम्ही दोन छोटे घाणे लावणार आहोत. एक तुमच्या विरजणाचा. दुसरं एक विरजण आलंय, त्याचा एक. सहा-सात आठवडे लागतील."

"दुसरं कशाला?"

"रीत म्हणून," एडगर घाईनं म्हणाला. "तुम्हीच चाखा ना तेव्हा. तुमच्या नाकापुढे आम्ही कोण?"

मे महिन्यात एका सकाळी अकरा वाजता त्याला बोलावणं आलं. बाटल्या भरायच्या खोलीत टेबलावर पांढरं कापड, दोन जग, काही ग्लास. एडगर, उटेख, आंटोन आणि आणखी दोघं जुने. जगांवर नावं नव्हती.

"सांगणार नाही कुठलं कुठलं," एडगर हसून म्हणाला. "नाकाला विचारतोय."

अलोइसनं पहिला ग्लास उचलला. उजेडाकडे धरला, फिरवला, हुंगला. एक घोट घेतला, मग दुसरा.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण पोकळ आहे. यात कुणी राहत नाही. हे कुठल्यातरी मोठ्या शहराचं, एडगर. आपलं नव्हे."

मग त्यानं दुसरा उचलला, आणि हुंगताक्षणीच त्याचा चेहरा सैल झाला. डोळे भरून आले. त्यानं ग्लास आंटोनकडे दिला. आंटोननं डोळे मिटले.

"हासेलब्रिंक," आंटोन म्हणाला. "हुबेहूब."

उटेखनं चष्मा काढून पुसायला घेतला. एडगर खिडकीपाशी गेला, परत आला. खिशातून एक पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं, आणि ते उटेखनं वाचलं. क्यूबेकहून होतं, हेरमान फॉइटचं.

"'...तुमच्या दारात मी १९११ साली रिकामी किटली घेऊन आलो होतो. अलोइस डिर्नबर्गरनं ती भरून दिली आणि पिंपांचे कोपरे घासायला सांगितले. मी घासतोय. आमच्याकडे बंदी नव्हती, त्यामुळे एक दिवसही खंड नाही. आता तुमच्याकडे बिअर मोकळी झाल्याचं वाचलं. तुमचं तुम्हाला परत पाठवतो आहे, बर्फ घालून. अलोइस असेल तर त्याला सांगा की मी विसरलो नाही.'"

अलोइसनं दोन्ही जगांकडे पाहिलं.

"म्हणजे कुठलं?" त्यानं विचारलं.

"पहिलं," उटेख हळूच म्हणाला. "पहिला ग्लास फॉइटच्या विरजणाचा. म्हणजे तुमच्याच. तुम्ही दिलेल्या."

"आणि हे?"

"हे तुमच्या तळघरातलं. यात रानटी यीस्ट शिरलंय, मिस्टर डिर्नबर्गर. सूक्ष्मदर्शकात दिसतं. मूळचं आता जवळजवळ नाहीच. बरीच वर्षं झाली असावीत. चव आंबट आहे, थोडा गोठ्याचा वास आहे. चूक कुणाचीच नाही. घरी, बर्फावर, इतकी वर्षं टिकवणं कुणालाच—"

"आंबट?" अलोइस म्हणाला. त्यानं तो ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "कुठं आंबट?"

आंटोन आपल्या बुटांकडे बघत होता.

एडगर वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची पुढे केली, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, वडलांचा शब्द आहे, तुम्हाला काम आहेच, नळ्या धुवायचं म्हणा, फाटकावर म्हणा, बसून करायचं काहीतरी बघू. विरजणाचं खातं आता डॉक्टरांकडे राहील. निघताना त्यानं पहिल्या जगातलं एका बाटलीत भरून दिलं. "घरी न्या. सावकाश चाखा."

क्रेसेन्झ दारातच उभी होती. कोटाच्या सरकवलेल्या बटणांपैकी एक तुटलेलं होतं. कुठं तुटलं ते त्याला सांगता आलं नाही.

"काय म्हणाले?"

त्यानं बाटली टेबलावर ठेवली. "एवढी घे," तो म्हणाला. "एक घोट. तळघरातली नाही ही, ब्रुअरीतून आणलीय."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं ग्लास उपडा ठेवला नाही. तिनं एक घोट घेतला. मग खुर्चीवर बसली आणि सगळा ग्लास संपवला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. तिचे डोळे वाहायला लागले.

"हीच," ती म्हणाली. "अलोइस, हीच ती. आपल्या लग्नात होती तीच. माझे बाबा म्हणाले होते ना, मुलीनं नवरा बरा निवडला, बिअर तरी चांगली मिळेल. अरे, जिवंत ठेवलंस की रे तू. मी उगाच इतकी वर्षं..." तिनं त्याचा हात घट्ट धरला. "बुर्गीला लिहू आपण. तिला सांगू, फुकट नाही गेलं म्हणून."

अलोइसनं ग्लासात उरलेला फेस बोटावर घेतला आणि जिभेवर ठेवला. पोकळ. स्वच्छ आणि पोकळ. त्यात त्याला लग्न सापडलं नाही, सासरा सापडला नाही, काहीच सापडलं नाही. ज्या वासावर त्यानं जन्म काढला होता तो समोर होता, आणि त्याला तो ओळखू येत नव्हता. क्रेसेन्झ कागद शोधायला उठली होती.

"लिही," तो म्हणाला.

ती लिहायला बसली, तेव्हा तो कोट काढून तळघरात उतरला. लावून दहा दिवस झाले होते. त्यानं घरी मागे ठेवलेल्या विरजणाची बरणी उघडली आणि हुंगली. वास चांगला होता. त्याला तो अजून चांगलाच वाटत होता, आणि तेच त्याला सहन होईना. वरून क्रेसेन्झनं विचारलं, वाल्बुर्गाचा पत्ता कुठल्या डब्यात आहे. त्यानं सांगितलं, आणि काढा तापत ठेवला.